नानांची पत्र्याची पेटी

“वहिनी, पेटीची किल्ली द्या,” बाळूकाका म्हणाला. नानांना जाऊन तेव्हा नऊच दिवस झाले होते, आणि काकाच्या डोक्यावरचे केसही अजून उतरायचे होते.

आई कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती. तिनं मान वर केली, काकाकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाही.”

“अहो, विकायची म्हणत नाही मी. साताऱ्याचा केटरर नुसती बघायला मागतोय. भांडी घ्यायला तयार आहे तो. पातेली, कढया, झारे, सगळं. पण म्हणतो, पेटीतला मसाला मिळाला तर बोलू.”

“नाही म्हटलं ना भावजी.”

त्या पेटीबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. माझे वडील केशव फडतरे, सगळ्या तालुक्याचे नाना आचारी. लग्न असो, बारसं असो, जत्रेचा भंडारा असो, नाना आले की पाठोपाठ ती निळी पत्र्याची पेटी यायची. तिला पितळी कुलूप. तिच्यात काय आहे यावर गावात दोन पक्ष होते. एक म्हणायचा, गिरनारच्या साधूनं दिलेली जडीबुटी. दुसरा म्हणायचा, साधूबिधू काही नाही, निजामाच्या मुदपाकखान्यातला मसाला आहे. नानांना विचारलं तर ते म्हणायचे, “दोन्ही बरोबर. साधू निजामाकडेच आचारी होता.”

आणि त्यांची एक रीत होती. फोडणी सोपानदादाची, चिरणं हौसाक्काचं, पुऱ्या लाटणं माझं, पण मिठाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आमटीला उकळी आली की सोपानदादा पातेल्याच्या काठावर पळी तीनदा आपटायचा. टण्, टण्, टण्. की आम्ही सगळ्यांनी पातेल्याकडे पाठ करायची. नाना पेटी उघडायचे, पातेल्यात हात फिरवायचे, कुलूप पुन्हा लावायचे आणि आमटीला म्हणायचे, “जा बाई, आता नांदायला जा.” मग आम्ही वळायचो. नैवेद्याआधी चाखायचं कुणीच नाही, नानांनीही नाही. आणि तरी चाळीस वर्षांत कुणाच्या पानात मीठ वाढायची वेळ आली नाही. नानांच्या पंगतीत पानाच्या वरच्या बाजूला मिठाची जागा रिकामीच असायची. एकदा एका वरपक्षाच्या मामानं मीठ मागितलं, तर नाना त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, “पाव्हणं, भांडण काढायचंच असलं तर दुसरं काहीतरी काढा की.”

असा माणूस. जिलबी वाकडी आहे म्हणून तक्रार आली तर “सरळ हवी असेल तर शेव वाढतो” म्हणणारा. शेवटच्या दिवशी डॉक्टर मनगट चाचपत होते, तर डोळे मिटूनच विचारलं, “डॉक्टर, नाडी बघताय का भेंडी निवडताय?” डॉक्टर हसले. ते हसत असतानाच नाना गेले. डॉक्टर मला म्हणाले, पहिल्यांदा मला कळलंच नाही हो.

घरीसुद्धा तेच. ताटावर बसले की पहिला घास घ्यायचे आणि आईकडे वळून मोठ्या अदबीनं विचारायचे, “बाईसाहेब, आज आम्ही काय खातोय?” आई सांगायची, “वरण जरा आंबट झालंय, मिरची झणझणीत आहे.” मग ते “हां! झणझणीत आहे बरं का!” म्हणून नाकडोळे पुसायचं सोंग करायचे. आम्ही पोरं रोज हसायचो. तीस वर्षं तोच विनोद आणि तीस वर्षं हसणं.

तर पेटी राहिली आईच्या उशाशी. पण काका थांबणाऱ्यातला नव्हता. तो सोसायटीच्या चेअरमनना घेऊन आला. अण्णासाहेब थोरवडे. वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न होतं, दोन हजार पानांचं, आणि त्या स्वयंपाकाची वर्दी नानांनी स्वतः घेतली होती.

अण्णासाहेब खुर्चीवर बसले, दोन मिनिटं डोळे मिटून त्यांनी शोक केला आणि मग माझ्याकडे वळले. “कुंदा, मुद्द्याचं बोलतो. नाना होते तोवर प्रश्न नव्हता. आता तू बाईमाणूस. सोपान म्हातारा झाला. माझ्या व्याह्यांपुढे मला फजिती नको.”

“नानांची सगळी माणसं आहेत की अण्णासाहेब.”

“माणसं आहेत, हात कुठाय?” हे वाक्य त्यांना फार आवडलं असावं. ते त्यांनी लगेच पुन्हा म्हटलं.

काका म्हणाला, “म्हणूनच मी म्हणतो, भांडी देऊन टाकू. कुंदाला शाळेत खिचडी शिजवायचं काम लावून देतो मी.”

मी सासरहून परत येऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. का आले ते सोडा. आले त्या दिवशी नानांनी एक प्रश्न विचारला नाही. हातात लाटणं दिलं आणि म्हणाले, “चारशे पुऱ्या आहेत. रडायचं असेल तर कांदे चिर, कुणाला कळणार नाही.” त्या लाटण्यावर मी उभी राहिले होते. आता भांडीच गेली तर मी, सोपानदादा, हौसाक्का, सगळे रस्त्यावर. आणि मी पुन्हा कुणाच्या तरी मेहरबानीवर.

“तेराव्याचं जेवण आम्ही करतो,” मी म्हणाले. “चारशे पानं. तुम्ही पहिल्या पंगतीला बसा. जेवा. मग ठरवा.”

अण्णासाहेबांनी काकाकडे पाहिलं, काकानं छताकडे.

“बरं,” अण्णासाहेब म्हणाले. “मीठ-मिरचीला उणं निघालं तर मात्र माझ्याकडे यायचं नाही.”

आता हे त्यांनी खरंच म्हटलं होतं, की मला मागाहून तसं वाटतंय, सांगता येत नाही. पण म्हटलं असावं. बोलायला सुरुवात केली की त्यांच्या तोंडून सगळंच निघायचं.

तेराव्याच्या दिवशी पहाटेच चुलवणं पेटली. मसालेभात, वांग्या-बटाट्याची भाजी, आमटी, कढी, पुरी आणि बुंदी. गोड तेवढं नानांच्या आवडीचं, बाकी सगळं त्यांच्या हातचं म्हणून लोक जे मागायचे ते. मी मिठाची नवी पिशवी आणून सोपानदादाच्या चुलीशेजारी ठेवली. तोंडानं काही बोलले नाही. तोच आता सगळ्यांत मोठा, तोच घालील, असं धरून चालले.

आमटी उकळायच्या बेताला आली तेव्हा हौसाक्का आतून आली. “कुंदे, वैनी म्हणत्यात पेटी घिऊन जा.”

माझ्या अंगात त्या दिवशी वारं शिरलं होतं. दाराशी काका उभा होता, तोंडावर हसू. पेटी आणली असती तर हा उद्या गावभर सांगत सुटला असता की बघा, मसाल्याचाच खेळ होता, पोरीचं काय त्यात.

“नको म्हण आईला,” मी म्हणाले. “पेटीवाचून होतंय हेच दाखवायचंय आज.”

“अगं पर वैनी लई…”

“नको म्हटलं ना हौसाक्का!”

ती गेली. तेवढ्यात आमटीला उकळी फुटली. सोपानदादानं पळी उचलली आणि काठावर आपटली. टण्, टण्, टण्.

आणि आम्ही सगळ्यांनी पाठ केली.

मी भिंतीकडे तोंड करून उभी. शेजारी दोन वाढपी, तेही भिंतीकडे. पाठीमागे आमटी रटरटत होती. खरं सांगते, त्या क्षणी नाना माझ्या मागे आहेत असंच मला वाटलं. कुलपाचा आवाजसुद्धा आल्यासारखा वाटला. डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळानं कुणीतरी हललं, मग सगळे वळलो आणि आपापल्या कामाला लागलो. भाताला तसंच, भाजीला तसंच, कढीला तसंच. चार वेळा पळी वाजली, चार वेळा आम्ही वळलो.

अंगणात मांडव होता, आणि मांडवात अण्णासाहेब बोलायला उभे राहिले होते. लोकांपुढे पत्रावळी मांडलेल्या आणि पोटं भुकेली असताना अण्णासाहेब वीस मिनिटं बोलले. नाना म्हणजे चालतीबोलती संस्था. नाना म्हणजे सहकाराचा आदर्श. नानांनी माणसं जोडली. नानांनी जोडलेली माणसं समोर बसून बुंदीच्या वासाकडे नाकं लावून होती. “आपण सर्वांनी नानांचा हा वसा,” असं म्हणून त्यांनी हात वर नेला तेव्हा तो कोणता वसा ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी दोन मिनिटं शांतता जाहीर केली. त्या शांततेत कुणाचं तरी पोट गुरगुरलं. नाना असते तर त्यांनी या पोटाला माल्यार्पण केलं असतं.

नैवेद्य दाखवून झाला. वाढलं. पहिली पंगत जेवू लागली. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिले. माझं लक्ष फक्त अण्णासाहेबांच्या तोंडाकडे होतं.

त्यांनी आधी बुंदी खाल्ली. मान डोलावली. मग भातात आमटी कालवली, घास घेतला. चावला. थांबले. पुन्हा चावला.

“वा!” अण्णासाहेब म्हणाले. “तोच हात!”

मला रडू आलं. आता हसू येतं, पण तेव्हा रडूच आलं.

अण्णासाहेबांच्या शेजारी सरपंच. त्यांनी घास घेतला आणि त्यांचं तोंड जरा विचित्र झालं. त्यांनी अण्णासाहेबांकडे पाहिलं. अण्णासाहेब भुरके मारत होते. “वा,” सरपंचही म्हणाले. त्यांच्या पलीकडे गुरुजी. त्यांनी घास तोंडात तसाच धरला, इकडेतिकडे पाहिलं, गिळला. “नाना वरून लक्ष ठेवून आहेत हो.” मग सगळी पंगतच बोलू लागली. तोच हात. तीच चव. एकजण तर म्हणाला, नानांच्या हयातीतसुद्धा अशी आमटी झाली नव्हती. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

काकाचा चेहरा पडला होता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी नानांच्या फोटोकडे बघून मनातल्या मनात म्हणाले, बघा नाना, नांदायला गेली तुमची आमटी.

मग मी आईचं पान वाढून आत नेलं. बाया तिच्याभोवती बसलेल्या. तेरा दिवस त्या तिला एकच सांगत होत्या: “रडा वहिनी, मोकळ्या व्हा.” आई काही मोकळी होत नव्हती. रडली नव्हती की धड बोलली नव्हती.

“आई, दोन घास खा. सगळे म्हणताहेत, तोच हात.”

“हो का?” आई म्हणाली. तिनं घास घेतला.

आणि आई हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. सगळ्या बाया घाबरल्या. कुणी म्हणालं पाणी आणा, कुणी म्हणालं तरी मी सांगत होते. आई हसतच होती. हसता हसता डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

“कुंदे,” ती म्हणाली. “मीठ कुठाय गं?”

“मीठ? अगं सोपानदादानं…”

“ह्यात मिठाचा खडा नाही.”

मी तिच्या पानातली आमटी तोंडात घातली. गरम पाणी आणि चिंच. भाजी तशीच. भात तसाच. मी धावत मागल्या दारी गेले. मिठाची पिशवी चुलीशेजारी होती, तिची सुतळीसुद्धा सुटली नव्हती.

“सोपानदादा, मीठ घातलं नाहीस तू?”

“म्या?” सोपानदादाच्या हातातली पळी खाली आली. “अगं पोरी, तू घातलंस न्हवं? त्येंच्या रक्ताची तू. मला वाटलं पाठ केली तवा तू…”

“मी पण पाठ केली होती.”

म्हातारा मटकन खाली बसला. “चार डाव वाजवली की गं मी पळी. कुणासाठी वाजवली?” आणि तो रडायला लागला, लहान पोरासारखा.

मला काय करावं सुचेना. बाहेर चारशे माणसं, त्यांतली शंभर आत्ता अळणी जेवत होती आणि नानांचं नाव घेत होती. वैशाखाचं लग्न, भांडी, सोपानदादा, हौसाक्का, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. काकाला एवढंच हवं होतं.

मागून पत्र्याचा आवाज आला. आई दारात उभी होती, पेटी घेऊन. तेरा दिवसांत पहिल्यांदा ती चारचौघांसमोर घोंगडीवरून उठली होती. बाया मागून “वहिनी, अहो वहिनी” करत होत्या.

“सकाळी निरोप धाडला होता,” आई म्हणाली. “नको म्हणालीस.”

तिनं चुलीपुढे पेटी ठेवली आणि गळ्यातली किल्ली काढली. त्याबरोबर सोपानदादा डोळे पुसत उठला आणि सवयीनं भिंतीकडे वळला. वाढपीही वळले. मीही अर्धी वळले.

“सोपान,” आई म्हणाली. “इकडं बघ. चाळीस वर्षं पाठ केलीत, पुरे झालं.”

कुलूप उघडलं. पेटीत जडीबुटी नव्हती, निजामही नव्हता. मांजरपाटाच्या चार पिशव्या होत्या, हातानं शिवलेल्या. एकीला लाल दोरा, एकीला हिरवा, एकीला पिवळा, एकीला पांढरा. आईनं लाल दोरा सोडला. आत मीठ होतं. साधं जाडं मीठ, आमच्या वाण्याकडचं.

“लाल आमटीचा. हिरवा भाजीचा. आज चारशे पानं म्हणून रात्रीच मापटं मोजून भरलंय.”

“म्हणजे? मीठ तू…”

“लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांना विषमज्वर झाला. ताप उतरला, चव काही परत आली नाही. जिलबी आणि साबण, ह्यांना सारखंच.”

“साबण कशाला खाल्ला त्यांनी?”

“मी पैज लावली होती.” आई पुन्हा हसली. “मग रडले. म्हणाले, आचाऱ्याला चव नाही हे कळलं तर कोण बोलावील गं? तर मी म्हटलं, किती पानं, किती पातेली, ते मला आदल्या दिवशी सांगायचं, मीठ मी मोजून देईन. लोकांनी बघू नये म्हणून ती पेटी, ते कुलूप आणि तुमच्या त्या पाठी. ते असेपर्यंत बोलणार नाही असा शब्द दिला होता.”

“आणि मग गेल्यावर का नाही बोललीस, आई?”

“मला विचारलं कुणी? भावजींनी किल्ली मागितली. बायांनी रड म्हटलं. तू बाहेर जिंकायला निघाली होतीस.”

मी आमटीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं.

पहिल्या पंगतीपुरतं मीठ मागे ठेवून आईनं लाल पिशवी पातेल्यात रिकामी केली, पळीनं ढवळलं, हिरवी भाजीत, पांढरी कढीत. मग पिवळी उचलली. “भाताचं आता काही करता यायचं नाही. हे पानात वाढायचं.” आणि पदर खोचून ती मांडवात गेली. तेराव्याच्या दिवशी, पंगतीत, स्वतः. मागे आमटीची बादली घेऊन मी.

लोक जेवायचे थांबले. आई पहिल्या पानापाशी वाकली, अण्णासाहेबांच्या, आणि वरच्या बाजूच्या त्या रिकाम्या जागेत तिनं चिमूटभर मीठ वाढलं.

“मीठ?” अण्णासाहेब चपापले. “नानांच्या पंगतीत?”

“घालायचं राहिलं होतं. तुम्हाला कळलं नाही?”

पंगतीत खसखस पिकली. मग एकेकाचं तोंड सुटलं. सरपंच म्हणाले, मला पहिल्याच घासाला कळलं होतं. गुरुजी म्हणाले, मला तर वासावरून. अण्णासाहेब मात्र लाल झाले. त्यांच्या घरी पाच वर्षं रक्तदाबापायी सगळंच अळणी शिजत होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं, एक त्यांनाच माहीत नव्हतं की गावाला माहीत आहे.

मी त्यांच्या भातावर नवी आमटी घातली. त्यांनी घास घेतला. “वहिनी, ही आता जरा खारट वाटते.”

“खारट नाही अण्णासाहेब,” आई म्हणाली. “ही आमटी आहे.”

आता हसू आवरणं कुणालाच शक्य नव्हतं. सगळा मांडव हसला, शेवटी अण्णासाहेबही. काका तेवढा खांबामागे गेला.

आईनं तिथंच, सगळ्यांसमोर, ती चाळीस वर्षांची गोष्ट सांगून टाकली. चार वाक्यांत. मला वाटलं, नानांचं नाव जाणार. पण लोक गप्प बसून ऐकत होते, आणि मग त्या मामासारखाच एकजण मागून ओरडला, “वहिनी, इकडं मीठ!” मग दुसरा, मग सगळेच. प्रत्येकाला आईच्या हातचं मीठ हवं होतं.

उठताना अण्णासाहेब हात धुवून आईपुढे उभे राहिले. “लग्नाचं मीठ तुम्हीच घालायचं.”

“घालीन. यंदा घालीन, पुढच्या वर्षी कुंदा घालेल. पण एक अट आहे. पाठ कुणी करायची नाही.”

त्याला आता बावीस वर्षं झाली. ती भांडी माझ्याकडेच आहेत. आमच्या पंगतीत मीठ पहिल्यांदा वाढतात, सगळ्यांदेखत.

पण त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. शेवटची पंगत उठल्यावर उन्हं कलताना आम्ही घरचे जेवायला बसलो. आईच्या उजव्या हाताचा पाट रिकामा होता. तो उचलायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आईनं पहिला घास घेतला आणि त्या पाटाकडे वळली.

“आमटी जमलीय,” तिनं सांगितलं. “कढी जरा आंबट आहे.”

थोडा वेळ ती थांबली. मग तिनंच नाक पुसलं.